जाग आहे, पण जाणीव आहे का?

आमच्या शेजारचा तरुण अक्कलकोट रस्त्यावर दुचाकीवरून पडला, डोक्याला मार लागला आणि त्याला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर येऊन घाईघाईने सांगितले, "जीसीएस आठ आहे." त्याच्या आईला हायसे वाटले. "आठ म्हणजे चांगलंच आहे की," ती मला म्हणाली. दहापैकी आठ, असा तिचा हिशोब होता, आणि तो चुकला आहे हे त्या वेळी तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल; हा आकडा ग्लासगो येथील दोन मेंदूशल्यविशारदांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या या मोजपट्टीचा आहे. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६, असे एकूण १५ गुण तीत असतात. पट्टी शून्यापासून सुरू होत नाही; प्रत्येक परीक्षेत किमान १ गुण मिळतोच, त्यामुळे ज्याच्याकडून कसलाही प्रतिसाद नाही त्यालाही ३ गुण पडतात. शेजारच्या मुलाचे आठ असे जमले होते: चिमटा काढल्यावर डोळे उघडतो म्हणून २, शब्द नाहीत पण कण्हतो म्हणून २, आणि दुखले की हात मागे ओढून घेतो म्हणून ४. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत आठ किंवा त्याहून कमी गुण ही गंभीर अवस्था समजली जाते.

या पट्टीत जे मोजले जाते ते सगळे बाहेरून दिसणारे आहे. पापणी, ओठ, हात. त्या मुलाला आत काही जाणवत होते की नाही, हा त्याच्या आईचा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर पट्टीवर कुठेच नव्हते. सध्या मोबाईलमधील गप्पा मारणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रामांना जाणीव असते का, हा जो वाद वृत्तपत्रांतून चालू आहे, त्याच्याही मुळाशी हाच पेच आहे: बाहेरच्या वागण्यावरून आतला अनुभव ओळखायचा कसा?

चार शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत

चेतना हा शब्द ऐकला की विषय फार गहन आहे असे वाटून आपण दोन पावले मागे सरतो. प्रत्यक्षात मराठी बोलणारा माणूस त्यातील बारकावे रोज बिनचूक वापरत असतो. झोपलेला जागा होतो, बेशुद्ध पडलेला शुद्धीवर येतो, तापात बरळणारा भानावर येतो आणि चूक केलेल्याला उशिरा का होईना तिची जाणीव होते. या चार वाक्यांतील जाग, शुद्ध, भान आणि जाणीव हे शब्द आपण कधीही एकमेकांच्या जागी घालत नाही. शास्त्रज्ञांना हेच कप्पे वेगळे करायला बराच खटाटोप करावा लागला, असे मला वाटते.

या लेखापुरते आपण दोनच शब्द पक्के धरू. जाग म्हणजे मेंदू चालू स्थितीत असणे, डोळे उघडणे, झोप आणि उठणे यांचे चक्र सुरू असणे. जाणीव म्हणजे काहीतरी अनुभवाला येणे. कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवून तोंडात घातला की प्रयोगशाळेला सांगता येईल इतके तेल, इतके तिखट, इतके मीठ. परंतु ती चव तुम्हाला कशी लागते हे त्या अहवालात येत नाही. ते जे 'लागणे' आहे, ती जाणीव. या दोन्ही मिळून जे होते त्याला चेतना म्हणू.

यंत्रमागाचा आवाज कोणाला ऐकू येतो?

जाणिवेविषयी पहिला गैरसमज असा की मेंदू जे जे करतो ते ते आपल्याला कळते. आमच्या सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला त्या खटखटाटात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. तिथेच वीस वर्षे काम केलेला कामगार मात्र चार माग सांभाळत निवांत उभा असतो. त्याला विचारले तर तो म्हणतो, आवाजाकडे लक्षच जात नाही. पण बाण्याचा धागा तुटून त्याच्या पाठीमागचा एक माग थांबला, की तो लगेच मागे वळतो. ज्या आवाजाकडे लक्षच नव्हते, तो थांबलेला त्याला कळला कसा? याचा अर्थ मेंदू तो आवाज सतत ऐकत होता, ताल मोजत होता, आणि बिघाड होईपर्यंत आपल्या मालकाला, म्हणजे त्या कामगाराला, त्रास द्यायचा नाही असे त्याने ठरवले होते.

याहून चमत्कारिक उदाहरण इंग्लंडमधील एका रुग्णाचे आहे. शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूचा पाहण्याशी संबंधित एक भाग काढावा लागला, त्यामुळे डोळे शाबूत असूनही दृष्टीचा एक अर्धा भाग त्याच्यासाठी अंधारा झाला. लॉरेन्स वाइसक्रांट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या अंधाऱ्या भागात वस्तू ठेवली की तो म्हणे, मला काहीच दिसत नाही. तरीही अंदाजाने बोट दाखवा असा आग्रह धरला, तर त्याचे बोट अंदाजाने यावे त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर जागी जाई. पाहण्याचे काम होत होते. दिसण्याचा अनुभव नव्हता. 'पाहणे' आणि 'दिसणे' हे दोन वेगळे धातू मराठीने उगाच ठेवलेले नाहीत.

मेंदूत जाणीव नेमकी कुठे बसते?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांतील जवळजवळ ६९ अब्ज डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत आहेत. पेशींच्या संख्येवरच जाणीव ठरत असती, तर तिचे घर तिथेच असायला हवे होते. परंतु ज्यांचा लहान मेंदू जन्मतःच तयार झाला नाही अशी माणसे जगात आढळली आहेत. त्यांचा तोल जातो, बोलणे अडखळते, मात्र त्यांना सुखदुःख, रंग, चव सगळे कळते. उलट मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या देठासारख्या भागात अगदी छोटी इजा झाली तरी माणूस कोमात जाऊ शकतो. या देठातील पेशींचे एक जाळे बाकीच्या मेंदूला जागे ठेवते, हे मोरुझ्झी आणि मॅगून यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले.

म्हणजे जाणीव देठात असते का? इथे पुन्हा कारखान्यात जाऊ. मेन स्विच पाडला की सगळे माग थांबतात, पण म्हणून चादर मेन स्विचमध्ये विणली जाते असे कोणी म्हणत नाही. देठ हा जाग आणणारा स्विच आहे. जाणिवेचे विणकाम प्रामुख्याने मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थरात आणि त्याच्या पोटात असलेल्या थॅलॅमस या केंद्रात, दोघांच्या सततच्या देवाणघेवाणीतून होते, असे आज बहुतेक संशोधक मानतात.

ही देवाणघेवाण कशी असावी लागते, हे समजायला सोलापूरकराला जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा पुरेशी आहे; उपमेला उपमेपुरतेच घ्यावे, एवढी विनंती. सम्मती कट्ट्याजवळ अक्षता सोहळ्याच्या वेळी अफाट जनसमुदाय एकाच क्षणी हात वर करतो. सगळ्यांचे वागणे एक असते, त्यामुळे एका माणसाकडे पाहिले तरी सगळ्यांचे कळते. थोड्या वेळाने गड्ड्यावर, म्हणजे यात्रेतल्या जत्रेच्या मैदानावर, गेलात तर कोणी पाळण्यात, कोणी भज्यांच्या गाड्यावर, कोणी हरवलेल्या पोराच्या शोधात. प्रत्येकाचे वेगळे चाललेले असते, तरी ध्वनिक्षेपकावरून पोराचे नाव पुकारले की बातमी सगळ्या मैदानात पोहोचते. गाढ झोपेत चेतापेशींचे वागणे पहिल्या प्रकारचे होते: मोठमोठे समूह एकाच संथ लाटेत एकदम चालू आणि एकदम बंद होतात. सर्व मेंदूभर पसरलेल्या अपस्माराच्या झटक्यातही असंख्य पेशी एका तालात पेटतात, आणि नेमकी त्याच वेळी शुद्ध हरपते. जागेपणीचा मेंदू गड्ड्यासारखा असतो. प्रत्येक कोपऱ्याचा उद्योग निराळा, पण कोपरे एकमेकांशी जोडलेले.

इटालियन संशोधक मार्चेल्लो मास्सिमिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत घेतलेली याची थेट चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. कवटीबाहेरून चुंबकाचा एक झटका देऊन त्यांनी मेंदूत उमटणारा पडसाद नोंदवला. जाग असताना तो पडसाद एका भागातून दुसऱ्या भागात, तिथून तिसऱ्यात असा फिरत गेला. गाढ झोपेत तो जिथे उठला तिथेच विरला. मेंदू झोपेतही कामात होताच, फक्त त्याच्या मोहल्ल्यांमधले निरोप बंद पडले होते.

भूल दिल्यावर आपण कुठे जातो?

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये इथरची वाफ हुंगवून केलेल्या शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, आणि तेव्हापासून माणूस जाणीव हवी तेव्हा घालवू आणि हवी तेव्हा परत आणू लागला. भुलीची औषधे चेतापेशींमधील निरोपांवर लगाम घालतात, हे आता ठाऊक आहे. भुलीत आणि झोपेत फरक आहे. झोपेतून उठल्यावर बराच वेळ गेला असे वाटते, भुलीतून बाहेर आलेला रुग्ण मात्र अनेकदा विचारतो, "सुरू करताय ना?" आणि टाके घालून झालेले असतात.

मराठीत भूल या शब्दाला विसरण्याचा वास आहे, आणि तिथे एक अस्वस्थ करणारी शंका दडलेली आहे. भुलीत रुग्णाला काही जाणवतच नाही, की जाणवलेले तो विसरतो? काही प्रयोगांत स्नायू सैल करणारे औषध देण्याआधी रुग्णाच्या एका हाताला पट्टा आवळतात, म्हणजे ते औषध त्या हातापर्यंत पोहोचत नाही आणि तो हलू शकतो. मग भुलीत असताना त्याला सांगतात, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. काही जण दाबतात. उठल्यावर त्यांना त्यातले काहीही आठवत नाही. आठवण नसणे हा जाणीव नसण्याचा पुरावा होत नाही, एवढे यातून नक्की ठरते. शस्त्रक्रियेला घाबरणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो की यात वेदनेने तळमळणारे रुग्ण डोळ्यांसमोर आणू नयेत. दुखणे शमवणारी औषधे वेगळी दिलेली असतात.

डोळे उघडे आहेत, म्हणजे शुद्धीवर आहे ना?

अतिदक्षता विभागाबाहेर सर्वांत जास्त फसगत या प्रश्नात होते. कोमातला रुग्ण डोळे उघडत नाही. त्याला जागही नसते आणि जाणीवही नसते. काही आठवड्यांनी तो डोळे उघडू लागतो, झोपतो, उठतो, जांभई देतो, आणि घरच्यांना वाटते की आता बोलेलच. पण जाग परत आली म्हणून जाणीवही आली असे होत नाही. जाग आहे, जाणिवेची खूण मात्र दिसत नाही, अशी एक अवस्था वर्षानुवर्षे टिकू शकते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. मधली ४१ वर्षे त्या अशाच होत्या. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याला, अटींसह वाट मोकळी केली, पण खुद्द अरुणा यांच्यासाठीची याचिका फेटाळली. त्यांची काळजी घेणाऱ्या परिचारिकांचा दयामरणाला ठाम विरोध होता.

बाहेरून खूण दिसत नाही म्हणून आत कोणी नाही, असे म्हणता येते का? मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी २००६ मध्ये या प्रश्नाला जोराचा धक्का दिला. अपघातानंतर पाच महिने प्रतिसाद न देणाऱ्या २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून त्यांनी सांगितले, टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. मग सांगितले, स्वतःच्या घरातल्या खोल्यांतून फिर. दोन्ही वेळी तिच्या मेंदूतील तेच भाग कामाला लागले, जे निरोगी माणसांत लागतात. २०२४ मध्ये अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सांगितलेले काहीही बाहेरून न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचे मेंदू सूचनेनुसार काम करताना आढळले. चारांतला एक.

यावर दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगायलाच हव्यात. मेंदू सूचना पाळतो आहे म्हणजे रुग्ण बरा होणारच, असा याचा अर्थ नाही. आणि मेंदूमृत्यू ही या सगळ्यापेक्षा निराळी बाब आहे. तिथे देठासकट मेंदूचे काम कायमचे थांबलेले असते, श्वास यंत्रावर असतो, आणि १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी केल्याशिवाय तसे जाहीर करता येत नाही. कोमातून माणूस परतू शकतो. मेंदूमृत्यूतून परतत नाही.

हे सगळे आपल्याकडे आधीच सांगितलेले नाही का?

काही अंशी आहे. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि या तिन्हींपलीकडची तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या आहेत, आणि गाढ झोप व स्वप्न यांना वेगळे कप्पे देणे हे निरीक्षण अचूकच होते. परंतु त्या ऋषींचा शोध मोक्षाचा होता. इथे शोध आहे तो कोणत्या पेशी थांबल्या की अनुभव थांबतो याचा. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला चिकटवले की दोघांचाही अपमान होतो. आत्मा आहे की नाही याचा निकाल स्कॅनर देत नाही, आणि द्यायचा आव आणणाऱ्या शास्त्रज्ञापासूनही जरा दूरच राहावे.

मग विज्ञानाला कळले तरी किती?

डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये प्रश्नाचे दोन भाग पाडले. मेंदू लक्ष कसे देतो, आठवतो कसा, बोलतो कसा, हे त्याच्या मते सोपे प्रश्न. सोपे म्हणजे शंभर वर्षे लागली तरी मार्ग दिसतो असे. कठीण प्रश्न एकच: हे सगळे चालू असताना त्याचा अनुभव का व्हावा? मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ मध्ये त्याच्याशी पैज लावली की जाणिवेची मेंदूतील स्पष्ट खूण २५ वर्षांत सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील परिषदेत कॉख यांनी हार मान्य केली आणि ठरल्याप्रमाणे वाइनच्या बाटल्या दिल्या. दोन प्रमुख सिद्धांतांची समोरासमोर परीक्षा घेणाऱ्या प्रयोगातही कोणा एकाचा निर्विवाद विजय झाला नाही. त्यांपैकी एक सिद्धांत गड्ड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला महत्त्व देतो, म्हणजे निरोप सगळीकडे पोहोचण्याला. दुसरा महत्त्व देतो ते माणसे एकमेकांत किती गुंतलेली आहेत याला.

आणि मोबाईलमधल्या प्रोग्रामला जाणीव असते का?

२०२२ मध्ये गुगलच्या एका अभियंत्याने कंपनीचा संभाषण करणारा प्रोग्राम सचेतन झाला असल्याचा दावा केला. कंपनीने तो फेटाळला आणि त्याची नोकरी गेली. सोलापूरच्या माणसाला या वादात बोलायचा थोडा जास्तच अधिकार आहे, कारण या यंत्रांची आजी आपल्या कारखान्यांत आहे. जकार्डच्या मागावर छिद्रे पाडलेले पुठ्ठे एकामागून एक सरकतात, छिद्राप्रमाणे उभे धागे वर उचलले जातात आणि चादरीवर मयूरपंख उमटतो. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली, आणि एडा लव्हलेसने १८४३ मध्ये लिहिले की जकार्ड फुले-पाने विणतो तसे हे यंत्र बीजगणिताच्या आकृती विणील.

माग मोर विणतो, पण त्याला मोर दिसत नाही, यावर कोणाचेही दुमत नसावे. गप्पा मारणारा प्रोग्राम अफाट प्रमाणावरच्या मानवी लेखनातून शिकून शब्द विणतो. "मला वाईट वाटले" हे वाक्यही तो विणू शकतो, कारण ते वाक्य माणसांनी लाखो वेळा लिहिलेले आहे. म्हणून त्याचे बोलणे हा जाणिवेचा पुरावा धरता येत नाही, असे माझे मत आहे. यावर हुशार वाचक विचारील की चेतापेशी तरी विजेचे निरोपच विणतात, मग त्यांना जे जमले ते सिलिकॉनला कधीच जमणार नाही कशावरून? हा आक्षेप रास्त आहे. जोवर पेशींना ते कसे जमते हे आपल्याला सांगता येत नाही, तोवर यंत्राला कधीच जमणार नाही असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. आजच्या प्रोग्रामना जमले आहे असे मानायला मात्र मला कारण दिसत नाही.

शेजारच्या त्या मुलाकडे पुन्हा येतो. बाराव्या दिवशी तो डोळे उघडून होता. डॉक्टर रोज त्याचा हात हातात घेऊन मोठ्याने म्हणत, "हात दाबा." तो दाबत नसे, आणि कागदावर हालचालीचे तेच गुण लिहिले जात. हे घर विणकर पद्मशाली कुटुंबाचे. मुलगा बाहेर मराठी बोलतो, घरात तेलुगू. भेटीच्या वेळेत आईने त्याच्या कानाशी वाकून तेच तेलुगूत सांगितले आणि ती ओरडतच बाहेर आली. डॉक्टर आत गेले, त्यांनी तिला पुन्हा सांगायला लावले, स्वतः बोटे त्याच्या तळहातात दिली, आणि मग कागदावर हालचालीच्या रकान्यात ६ लिहिले. नातेवाईकांनी रुग्णाची घरची भाषा, त्याला ऐकू कमी येते का, तो डावखुरा आहे का, हे पहिल्याच दिवशी न विचारता सांगावे, हे मी तेव्हा शिकलो.

तो आता कामावर जातो. त्या दिवशी हात दाबल्याचे त्याला आठवते का, असे मी त्याला एकदा विचारले. त्याला अपघाताची सकाळ आठवते आणि त्यानंतर थेट साध्या वॉर्डातला पंखा आठवतो. मधले काही नाही. त्याची आई हे मानायला तयार नाही. तिचे म्हणणे, त्याने दाबला तेव्हा तो होता.